घुर्ये : पुस्तकांचा वाद आणि विभागाचा वारसा

गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची सूत्रे हाती घेतली आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याच हाती राहिली. एका विषयाच्या भारतातील जडणघडणीवर एकाच प्राध्यापकाची इतकी दीर्घ छाया पडल्याची उदाहरणे थोडी आहेत. १९८३ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या चार दशकांत त्यांच्याविषयी बरेच लिहिले गेले, आणि त्यातला सूर सतत बदलत गेला. सुरुवातीला ‘भारतीय समाजशास्त्राचे जनक’ म्हणून गौरव झाला. पुढे त्याच समाजशास्त्रातल्या पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या लेखनाची कठोर झडती घेतली. आज घुर्ये यांचे नाव अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत त्यांच्यावर हमखास प्रश्न येतो, पण त्यांच्या कारकिर्दीचे मोल काय, यावर एकमत नाही. या मतभेदाची मांडणी करताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. वाद जवळजवळ सगळा त्यांच्या पुस्तकांवर चालला आहे. प्राध्यापकाची कारकीर्द मात्र पुस्तकांइतकीच विभागात, विद्यार्थ्यांत आणि प्रबंधांत असते, आणि तो भाग तपासल्याखेरीज दोन्ही बाजूंचे निवाडे अपुरे राहतात.

पार्श्वभूमी

घुर्ये मूळचे मालवणचे. जन्म १८९३ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते संस्कृत, आणि पुढे शिकवलेही संस्कृतच. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला, तो स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या पुढाकाराने. विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून घुर्ये इंग्लंडला गेले. लंडनमध्ये एल. टी. हॉबहाउस यांच्याकडे ते थोडा काळ होते, पण तिथे रमले नाहीत आणि केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स १९२२ मध्ये अचानक वारले. उरलेले काम ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले. रिव्हर्स यांचा त्या काळातला भर प्रसारवादावर होता : चालीरीती, विधी, वस्तू एका ठिकाणाहून दुसरीकडे कशा पोहोचल्या याचा माग काढायचा आणि त्यावरून समाजांचा इतिहास उभा करायचा. संस्कृत ग्रंथांची पक्की बैठक आणि केंब्रिजचा हा प्रसारवाद, या दोन गोष्टी घेऊन घुर्ये मुंबईत परतले. १९३४ मध्ये ते प्राध्यापक झाले, १९५१ मध्ये त्यांनी इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ हे तिचे नियतकालिक सुरू झाले. साधूंपासून भरतनाट्यमच्या वेशभूषेपर्यंत, राजपूत वास्तुकलेपासून ईशान्य भारताच्या प्रश्नापर्यंत त्यांची सुमारे तीस पुस्तके आहेत.

या पार्श्वभूमीला आणखी एक कड आहे आणि ती सहसा नजरेआड होते. घुर्ये विद्यापीठात येण्याआधी मराठी माणसे समाजशास्त्रीय लेखन करतच होती. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातीच्या इतिहासावरचा ग्रंथ १९०९ चा, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील त्यांच्या अभ्यासातून आलेला. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातींच्या उगमावरचा आपला निबंध १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला. विठ्ठल रामजी शिंदे यांचे ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ १९३३ मध्ये निघाले, म्हणजे घुर्ये यांच्या जातीवरच्या पहिल्या पुस्तकानंतर अवघ्या वर्षाने. मुंबई विद्यापीठाच्या बाहेर, वेगळ्या गरजेतून आणि अंशतः मराठीतून चाललेला हा अभ्यास आणि विभागात इंग्रजीतून चाललेला अभ्यास यांची गाठ फारशी पडली नाही. पुढच्या वादाचा एक धागा इथूनच निघतो.

जातीचा अभ्यास

घुर्ये यांची ओळख मुख्यतः ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२) या ग्रंथामुळे आहे. जातिव्यवस्थेची त्यांनी सांगितलेली सहा लक्षणे विद्यार्थी आजही पाठ करतात : समाजाचे खंडित विभाजन, उच्चनीचता, खाण्यापिण्याचे व व्यवहाराचे निर्बंध, काही जातींना विशेषाधिकार तर काहींवर बंदी, व्यवसाय निवडण्याच्या स्वातंत्र्याचा अभाव आणि विवाहावरील बंधने. या यादीमुळे पुस्तकाचा दुसरा, अधिक धीट भाग झाकला गेला आहे. त्या काळात ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांचा सिद्धांत सरकारी वर्तुळात मान्य होता : जात ही वंशभेदातून आली आणि नाकाच्या मोजमापावरून जातीचा सामाजिक दर्जा सांगता येतो. घुर्ये यांनी तीच मोजमापे पुन्हा तपासली आणि दाखवले की नासिका निर्देशांक व सामाजिक दर्जा यांचा मेळ उत्तर भारतातल्या एका भागापुरताच लागतो. मुंबई, मद्रास प्रांतांत तो लागत नाही. वासाहतिक मानवशास्त्राच्या एका मुख्य दाव्याला भारतीय अभ्यासकाने आकड्यांच्याच आधारे दिलेले हे उत्तर होते. पुढे डॉ. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही हे सिद्ध करताना घुर्ये यांच्या या मोजमापांचा आधार घेतला. दोघांची सामाजिक भूमिका एकमेकांपासून दूर होती, तरी पुराव्याच्या पातळीवर एकाचे काम दुसऱ्याला उपयोगी पडले. वादाच्या दोन्ही बाजू हा तपशील क्वचितच उच्चारतात.

याच पुस्तकातला दुसरा दावा आजही तापलेला आहे. ब्रिटिशांच्या जनगणनेने जातींची नोंद आणि क्रमवारी केली आणि त्यामुळे जातिभावना अधिक घट्ट झाली, असे घुर्ये यांचे म्हणणे. ब्राह्मणेतर चळवळीच्या काळात आलेले जातवार प्रतिनिधित्व आणि राखीव जागा यांनाही त्यांचा विरोध होता. त्यांच्या मते त्यामुळे माणसाची निष्ठा समाजाकडे न जाता जातीकडे वळते. उपाय म्हणून त्यांनी आंतरजातीय विवाहावर भर दिला. पहिला दावा पुढे फार दूर गेला. निकोलस डर्क्स यांच्या ‘कास्ट्स ऑफ माइंड’ (२००१) सारख्या ग्रंथांत वसाहतवादी राज्ययंत्रणेने जातीला आजचे रूप दिले ही मांडणी आली, तेव्हा घुर्ये यांचा पूर्वसूरी म्हणून उल्लेख झाला. दुसऱ्या दाव्यावरचा आक्षेप तितकाच भक्कम आहे. मोजणीने विषमता जन्माला येत नाही. मोजणी नसेल तर विषमता दिसेनाशी होते आणि ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांच्या हाती पुरावा उरत नाही. आंतरजातीय विवाहाचा उपाय आंबेडकरांनीही १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये सांगितला होता. पण तो अमलात येण्यासाठी आधी धर्मशास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव घातला पाहिजे, हेही त्यांनी तिथेच सांगितले. घुर्ये तो पुढचा टप्पा घेत नाहीत. माझ्या मते जातीविषयीच्या त्यांच्या लेखनाची खरी मर्यादा इथे आहे. निदानात ते वासाहतिक सत्तेचा वाटा नेमका दाखवतात, पण देशी सत्तेचा आणि ग्रंथप्रामाण्याचा वाटा त्यांच्याकडे इतिहासाचे वर्णन म्हणून येतो, आजच्या अन्यायाचे कारण म्हणून क्वचितच. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर देशभरातल्या सर्व जातींची गणना जनगणनेत झाली नव्हती. ही चर्चा आता पुन्हा घुर्ये यांच्या पानांकडे वळणार, हे उघड आहे.

पुस्तकाच्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर आणखी काही हाती लागते. १९५० मध्ये शीर्षक ‘कास्ट अँड क्लास इन इंडिया’ झाले, १९६१ मध्ये ‘कास्ट, क्लास अँड ऑक्युपेशन’, आणि १९६९ मध्ये पुन्हा जुन्या नावाकडे वळण. दर वेळी प्रकरणे जोडली गेली, काही बाजूला पडली. घुर्ये यांना गोठलेला ग्रंथनिष्ठ ठरवणाऱ्यांनी आणि त्यांची मते आरंभापासून अखेरपर्यंत एकसंध होती असे मानणाऱ्यांनीही या आवृत्त्या ओळीने वाचल्या पाहिजेत. वर्ग आणि व्यवसाय शीर्षकात आले ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत. नियोजन आणि औद्योगिकीकरण हे त्या काळाचे मुख्य प्रश्न होते आणि लेखकाला त्यांची दखल घ्यावीशी वाटली, असा अर्थ त्यातून निघतो. वंशाचा शब्द १९६९ मध्ये का परतला, याचे समाधानकारक उत्तर या वादात अजून कुणी दिलेले नाही.

आदिवासींचा प्रश्न

सर्वांत तीव्र वाद १९४३ च्या पुस्तकाचा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात घुर्ये यांनी मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्याशी सामना केला. एल्विन यांनी ‘द बैगा’ (१९३९) मध्ये आदिवासींना बाहेरच्या जगापासून संरक्षण द्यावे, अशी सूचना केली होती. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने काही प्रदेश वगळलेले आणि अंशतः वगळलेले म्हणून ठरवले गेले, त्यामुळे प्रश्न राजकीयही होता. घुर्ये यांचे उत्तर असे की या जमाती हिंदू समाजापासून वेगळ्या नाहीत, त्या ‘मागास हिंदू’ आहेत. त्यांची दैना हिंदूंच्या संपर्कामुळे झाली नाही. ती ब्रिटिशांच्या महसूल पद्धतीमुळे, जंगल कायद्यांमुळे आणि त्यांतून मोकाट सुटलेल्या सावकारीमुळे झाली. म्हणून त्यांना वेगळे न ठेवता सामावून घ्यावे.

या भूमिकेचे दोन भाग वेगवेगळे तपासले पाहिजेत, आणि वादात ते सरमिसळ होतात. जमीन, जंगल आणि कर्ज यांकडे बोट दाखवणारा भाग पुढच्या संशोधनात टिकला. या प्रश्नात एल्विन यांच्यापेक्षा घुर्ये यांचे आर्थिक निदान अधिक नेमके होते असे म्हणायला जागा आहे. ‘मागास हिंदू’ हा भाग मात्र टिकला नाही. व्हर्जिनियस खाखा यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे की जमातीला जातीच्या चौकटीतून पाहिले की तिची भाषा, तिचा भूभाग आणि तिची स्वतःविषयीची समज नाहीशी होते, आणि तिचे एकमेव भवितव्य जातीच्या उतरंडीत तळाशी जागा मिळवणे हेच उरते. घुर्ये यांच्या बाजूने असे म्हटले जाते की त्यांनी महादेव कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यांचे निष्कर्ष सह्याद्रीतल्या अशा समूहांवर आधारलेले होते आणि तिथे हिंदू चालीरीतींशी देवाणघेवाण खरोखरच जुनी आहे. हे खरे असले तरी सह्याद्रीवरून नागा टेकड्यांविषयी अनुमान काढता येत नाही, आणि १९८० मधल्या ईशान्य भारतावरच्या पुस्तकात ती अडचण उघडी पडते.

विचारसरणीचा आरोप आणि बचाव

इथून वादाचा आजचा मुख्य मुद्दा निघतो. कॅरल उपाध्या यांनी २००२ मध्ये आणि नंतरच्या लेखनात मांडले की घुर्ये यांचे समाजशास्त्र प्राच्यविद्येच्या आणि सांस्कृतिक राष्ट्रवादाच्या पायावर उभे आहे. भारतीय समाज म्हणजे वैदिक-ब्राह्मणी संस्कृतीचा हळूहळू झालेला विस्तार, इतर समूह त्यात विरघळत जाणारे, आणि मुस्लीम या चित्राच्या बाहेर. १९६८ च्या ‘सोशल टेन्शन्स इन इंडिया’ सारखी उत्तरायुष्यातली पुस्तके त्या वाचनाला बळ देतात. दुसऱ्या बाजूला ए. आर. मोमिन यांनी संपादित केलेला जन्मशताब्दी ग्रंथ (१९९६) आणि एस. देवदास पिल्लै यांचा घुर्ये-कोश (१९९७) आहेत. त्यांचा भर घुर्ये यांच्या विषयवैविध्यावर, पुराव्याच्या शिस्तीवर आणि पाश्चात्त्य सिद्धांतांपुढे न झुकण्यावर आहे. बचावाचा आणखी एक भाग असा की १९२० ते १९४० च्या दशकांत संस्कृतीच्या भाषेत राष्ट्राचा विचार करणारे घुर्ये एकटे नव्हते. त्या काळाचे सर्व दोष एका माणसाच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे.

उपाध्या यांचे वाचन पुस्तकांपुरते मला पटते. काळाचा दाखला देऊन ते खोडता येत नाही, कारण त्याच काळात, त्याच मुंबईत वेगळा विचार करणारी माणसे होती, आणि त्यांची नावे वर आली आहेत. पण या आरोपातून काढला जाणारा पुढचा निष्कर्ष, म्हणजे भारतीय समाजशास्त्राचा पायाच या विचारसरणीवर घातला गेला हा, पुस्तकांवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी विभागात काय घडले ते पाहावे लागते.

विभाग आणि विद्यार्थी

घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली जवळपास ८० प्रबंध झाले. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध त्यांच्याकडे केला, बर्लिनहून डॉक्टरेट घेतली आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात स्वतःचे अभ्यासक्षेत्र उभे केले. जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या ही कल्पना त्यांनी नाकारली. महाराष्ट्रातल्या समूहांची मोजमापे घेऊन त्यांनी मांडले की कुंभार किंवा ब्राह्मण या नावाखाली येणारे गट मुळातच वेगवेगळे असून एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनले आहेत. अक्षयकुमार देसाई यांनी १९४६ मध्ये भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर पीएच.डी. घेतली. ती उघड मार्क्सवादी मांडणी होती, आणि पुढे देसाई याच विभागाचे प्रमुख झाले. मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांवरचे जी. आर. प्रधान यांचे १९३८ चे पुस्तक याच विभागाच्या परिसरातले. के. एम. कापडिया यांनी हिंदू कुटुंबसंस्थेवर काम केले, तर आय. पी. देसाई यांनी पुढे गुजरातच्या खेड्यांतल्या अस्पृश्यतेची पाहणी केली. या सर्वांना एका विचारसरणीच्या साच्यात बसवणे अशक्य आहे.

एम. एन. श्रीनिवास यांचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात विभागाचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. घुर्ये यांनीच त्यांना कूर्ग लोकांच्या अभ्यासाकडे वळवले. १९४० च्या दशकात श्रीनिवास यांनी तिथे क्षेत्रकार्य केले आणि मुंबईत पीएच.डी. मिळवली. १९४५ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तिथे आधी रॅडक्लिफ-ब्राउन आणि मग इव्हान्स-प्रिचर्ड यांच्याकडे त्याच सामग्रीची नव्याने मांडणी झाली आणि १९५२ मध्ये कूर्गांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. संस्कृतीकरणाची, म्हणजे खालच्या जातींनी वरच्या जातींचे आचार स्वीकारून दर्जा उंचावण्याची, संकल्पना त्यात आली. म्हणजे सामग्री मुंबईची, सिद्धांत ऑक्सफर्डचा. मुंबईच्या विभागाने माणसांना लोकांत पाठवले, बारीकसारीक नोंदी करायला शिकवले, पण त्या नोंदींतून सिद्धांत कसा उभा करायचा याचे प्रशिक्षण दिले नाही. श्रीनिवास यांनी आपल्या आठवणींत घुर्ये यांच्या मार्गदर्शनातल्या उणिवांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. ‘ग्रंथदृष्टी’ आणि ‘क्षेत्रदृष्टी’ असा जो भेद त्यांनी पुढे रूढ केला, त्यात घुर्ये ग्रंथाच्या बाजूला ठेवले गेले.

हे वर्गीकरण अर्धेच बरोबर आहे. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लोणीकंदची पाहणी ब्रिटिश वैद्य थॉमस कोट्स यांनी पेशवाई संपल्यावर लगेच, १८२० च्या सुमारास केली होती. घुर्ये यांनी त्याच गावाची नव्याने पाहणी करून १९६० मध्ये तुलनात्मक पुस्तक काढले. एकाच गावाकडे एवढ्या अंतराने पुन्हा पाहण्याची ही कल्पना ग्रंथांत रमलेल्या माणसाला सहसा सुचत नाही.

आक्षेप

विभागाच्या वैविध्यावर एवढा भर देण्याला तीन आक्षेप घेता येतात. पहिला असा की विद्यार्थ्यांनी वेगळी वाट धरली ती स्वतःच्या हिमतीवर. मार्गदर्शकाला त्याचे श्रेय देऊ नये. हे बऱ्याच अंशी खरे असेल. पण ज्या विद्यापीठीय रचनेत एका विभागप्रमुखाच्या सहीवाचून पदवी मिळत नव्हती, तिथे मार्क्सवादी प्रबंधाला वाट मिळाली ही वस्तुस्थिती आहे, तिचा हेतू काहीही असो. दुसरा आक्षेप : विद्यार्थ्यांच्या वैविध्याने गुरूच्या पुस्तकांतली विचारसरणी धुऊन निघत नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की पुस्तकांवरचा निवाडा विभागाला आपोआप लागू करू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. विभागातले वैविध्य दाराच्या आतले होते. दाराबाहेर फुल्यांची सत्यशोधक परंपरा होती, शिंदे यांचे संशोधन होते, आंबेडकरांचे सगळे लेखन होते. शर्मिला रेगे यांनी जात आणि स्त्री-पुरुष विषमता एकत्र वाचण्याचा आग्रह धरताना जे ज्ञान विद्यापीठाने ज्ञान म्हणून स्वीकारलेच नाही त्याकडे लक्ष वेधले. गेल ऑम्व्हेट यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन केले ते बर्कलीच्या विद्यापीठात, १९७० च्या दशकात. ज्या मुंबई इलाख्यात ही चळवळ घडली तिथल्या समाजशास्त्र विभागाला हा विषय आधी सापडायला हवा होता. मुंबईच्या प्रबंधांत मार्क्सला जागा मिळाली, फुल्यांना अगदी उशिरा. हा दोष घुर्ये यांच्या व्यक्तिगत मतांपेक्षा मोठा आहे. तो इंग्रजी माध्यमाचा आहे, विद्यार्थी कुठल्या घरांतून येत होते त्याचा आहे, आणि कशाला पुरावा म्हणायचे या समजुतीचा आहे.

काय अनिर्णित आहे

काही प्रश्न खरोखर खुले आहेत. घुर्ये यांच्या उत्तरायुष्यातली मते आरंभापासूनच्या विचाराचा परिपाक होती की स्वातंत्र्योत्तर घडामोडींची प्रतिक्रिया, हे आवृत्त्यांच्या काटेकोर तुलनेवाचून सांगता येणार नाही. रिव्हर्स यांच्या प्रसारवादाचा वाटा किती आणि संस्कृत शिक्षणाचा किती, हेही ठरायचे आहे. ते संस्कृत ग्रंथांना पुरावा मानत, पण सगळेच ग्रंथ सारख्या तोलाचे मानत नव्हते. त्यांच्या निवडीचा अभ्यास झालेला नाही. केतकर-आत्रे-शिंदे यांची मराठी धारा आणि विद्यापीठातली इंग्रजी धारा यांच्यातल्या दुराव्याचा इतिहासही कुणीतरी लिहायचा आहे.

या सर्वांहून निकडीचे काम त्या जवळपास ८० प्रबंधांचे आहे. त्यांतले सगळेच पुस्तकरूपाने निघाले नाहीत. बाकीचे ज्या समूहांवर आणि ज्या गावांवर लिहिले गेले त्यांतल्या पुष्कळांची तितक्या जुन्या काळची दुसरी समाजशास्त्रीय नोंद मिळणे कठीण आहे. समाजशास्त्र विभागांनी आणि ग्रंथालयांनी मिळून त्यांची विषयवार, सालवार सूची करावी, प्रती उपलब्ध आहेत त्यांचे डिजिटल रूप खुले करावे, आणि महाराष्ट्राविषयीच्या निवडक प्रबंधांचे सार मराठीत यावे. घुर्ये यांच्या बाजूने किंवा विरुद्ध पुढचा लेख लिहिणाऱ्याने आधी या प्रबंधांपैकी निदान काही वाचावेत, एवढी विनंती आहे.